सणाआधीची सुई

देगू, २० ऑगस्ट

बिबियाना,

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मोनिकाने मला बाजूला घेऊन तुझा निरोप दिला. "ती म्हणते, ताईंना सांग, ती मानेतली सुई घेऊन टाका, घाबरू नका." आठ वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. तुम्ही दोघी किती दिवस बोलता आहात हे मी मोनिकाला विचारलं नाही. तिने खरं सांगितलं असतं, आणि मग मला ते घेऊन घरी जावं लागलं असतं.

सल्ला देणं सोपं असतं गं, जाऊबाई. साओ पावलोहून तर फारच सोपं.

फोन करत नाही, लिहिते आहे. शाळेतली सिस्टर क्लोतिल्द सांगायची, राग आला की कागद घ्या, अक्षर सांभाळता सांभाळता राग निवतो. तू माझ्यामागून सहा वर्षांनी त्याच बाकांवर बसलीस, तुलाही सांगितलं असेल. माझं अक्षर अजून तसंच सुरेख आहे. राग निवत नाही.

तर सुई. मोनिकाच्या गुडघ्यात दिली, ती आता जिने चढते आणि सगळ्यांना सुया सुचवत फिरते. माझं दुखणं तुला माहीत आहे. या घरात ते कोणी जवळून पाहिलं असेल तर तूच. मानेच्या खळग्यातून उठतं, कवटीवरून चढत जातं आणि उजव्या डोळ्यामागे येऊन बसतं. उशी टोचते, कंगवा टोचतो. तू ओल्या बोटांनी माझे केस सारखे करायचीस, कंगवा न लावता. त्यानंतर माझ्या केसांना कोणी हात लावलेला नाही, केस कापणारी सोडली तर.

मागच्या वर्षी मोठ्या इस्पितळात डोक्याचे फोटो काढले. काहीही निघालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या डोक्यात काही नाही हे कळायला एवढं मोठं मशीन कशाला लागलं?" सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. त्यांची वाक्यं चांगलीच असतात.

भीती वाटते, हे तुला सांगते. मेंदूच्या एवढ्या जवळ सुई. आणि दुसरंही एक आहे. शाळेत आपल्याला दुखणं अर्पण करायला शिकवलं होतं, शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी. मी इतकी वर्षं प्रत्येक डोकेदुखी मनापासून अर्पण करत आले. किती आत्मे सुटले असतील कोण जाणे. एकही आभार मानायला आला नाही.

युलियाना


देगू, २९ ऑगस्ट

बिबियाना,

तुझं उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो, हे मी स्वतःलाच सांगते आहे.

काल वेदनेच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर प्यो म्हणून एक मुलगी आहे, माझ्या सुनेच्या वयाची. फोटो तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले, मला पालथं झोपवलं आणि कवटीच्या खाली बोटांनी चाचपत गेली. एका जागी दाबलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ओरडले नाही. सिस्टर्सच्या शाळेतल्या मुली ओरडत नाहीत. तिने बोट तिथेच ठेवलं आणि म्हणाली, "हीच ना? इथून एक नस वर डोळ्यापर्यंत जाते. ती चिडलेली आहे."

ती नस चिडलेली आहे म्हणाली, मी नाही. तीसेक वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच दुखण्यावर बोट ठेवलं. मला त्या मुलीच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी "धन्यवाद, डॉक्टर" म्हटलं आणि मोजे घातले.

ती दोन टप्प्यांत करणार आहे. आधी नुसत्या भुलीची एक सुई, नस बधिर करायची. काही तासच टिकते. त्या तासांत दुखणं गेलं तर गुन्हेगार तीच. मग दुसऱ्या वेळी बारीक सुईतून त्या नसेला ऊब द्यायची, म्हणजे ती वर्षभर तरी गप्प बसते. डोक्याचा तेवढा भाग कदाचित बधिर राहील. दुखणं परतही येऊ शकतं. काही जणांना काहीच फरक पडत नाही. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. विचार करून सांगा म्हणाली.

घरी आल्यावर मी विचार करायला बसले तर माझ्याआधी सगळ्यांचा विचार करून झालेला होता. सासूबाईंनी बसायची गादी माझ्याकडे सरकवली. असं त्या करत नाहीत. म्हणाल्या, "थोरले, सणाआधी उरकून घे ती सुई." ह्यांनी मला न विचारता दवाखान्यात फोन करून चुसोकच्या पितरपूजेआधीचा शनिवार ठरवूनही टाकला. त्या दिवशी सकाळी मी सोडतो, म्हणाले. लग्न झाल्यापासून मला दवाखान्यात सोडायला हे कधी आलेले नाहीत. दोन्ही बाळंतपणं मी टॅक्सीने केली.

मला वाटलं, बघ. म्हातारपणी माणूस बदलतो. भांडी घासताना मी चक्क गुणगुणत होते, आपलं मे महिन्यातलं मरियेचं गाणं. मग गॅलरीतून ह्यांचा आवाज आला. धाकट्या भावोजींशी, तुझ्या त्या नवऱ्याशी, फोनवर बोलत होते. "यंदा काळजी नको. सुई देऊन आणतोय तिला. सगळे या, मागच्यासारखं होणार नाही."

मागच्या वर्षी मी भोपळ्याची भजी तळता तळता न्हाणीत जाऊन ओकले आणि जेवण तासभर उशिरा झालं. पितरांना तिष्ठत ठेवलं म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ते हे.

लांबच्या प्रवासाआधी गाडीला तेलपाणी करून आणतात ना, तसं चाललं आहे. आणि गंमत अशी की मला सुई हवी आहे, बिबियाना. खरंच हवी आहे. कंगव्याने केस विंचरायचे आहेत मला. पण यांच्या पंचांगावर घ्यायची म्हटलं की नको वाटते.

जाताना तू काय म्हणाली होतीस, आठवतं? नव्या वर्षाची सकाळ, तुझ्या हातांना पिठाचा राप, सगळे पुरुष दिवाणखान्यात पत्ते खेळत होते. तू एप्रन काढलास, घडी घातलीस, माझ्याकडे बघून म्हणालीस, "ताई, तुमच्याकडे निदान डोकेदुखी तरी आहे. माझ्याकडे काय आहे?" आणि गेलीस. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. तू आपल्या नवऱ्याला सोडून गेलीस ते मी समजू शकले. तो काही ठेवण्यासारखा नव्हताच. पण माझं दुखणं तुला सवलत वाटत होतं, हे मला आजवर गिळता आलेलं नाही. त्या सकाळी तुझ्या वाटणीचं सगळं मी तळलं. डोकं फुटत होतं.

युलियाना


देगू, १४ सप्टेंबर

बिबियाना,

आज सुई घेतली. संध्याकाळ आहे, मी माझ्या खोलीत दार लावून बसले आहे आणि बाहेर कोणी बोलत नाहीये. तुला सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सकाळी ह्यांनी मला दवाखान्याच्या दाराशी सोडलं आणि तसेच भावोजींना घेऊन डोंगरावर गेले, थडग्यांवरचं गवत कापायला. सणाआधीचा शनिवार म्हणजे अर्धं शहर विळे आणि यंत्रं घेऊन डोंगरावर असतं. मेलेल्यांची हजामत वेळेवर झाली पाहिजे.

सुई फार दुखली नाही. कवटीवर काहीतरी कुरकुरल्यासारखं झालं, मग गरम, मग काहीच नाही. उजवं अर्धं डोकं दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं. मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, म्हणून टोचलं तिथून रक्त थांबेना. परिचारिकेने कापसाचा बोळा ठेवला आणि तो सरकू नये म्हणून कपाळावरून मागे घेऊन पांढरी पट्टी घट्ट गुंडाळली. रात्रीपर्यंत काढू नका म्हणाली.

बाहेर पडले. बिबियाना, दुखत नव्हतं. मला ते कसं सांगावं कळत नाही. बाजाराकडून खांबांवरून जाणाऱ्या मोनोरेलमध्ये बसले, खिडकीतून खाली ओढा दिसत होता, आणि मला कळलं की मी कपाळ आवळून बसलेले नाही. शेजारी दोन बायका दोम्बेगीच्या खारवलेल्या तुकड्यांवरून वाद घालत होत्या, कोणत्या गल्लीतला शार्क मासा जास्त खारट. मी सगळा वाद ऐकला. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. माझं लक्ष मोकळं होतं, ते कुठेही जाऊ शकत होतं. एक स्टेशन पुढे गेले आणि तरी वाईट वाटलं नाही.

घरी पोचले तर हे आणि भावोजी नुकतेच परतलेले, अंगाला गवत, ताकासारखी तांदळाची दारू पुढ्यात. सासूबाई मधे बसलेल्या. मी आत आले आणि तिघांची नजर माझ्या कपाळावर गेली.

तुला वेगळं सांगायला नको. डोक्याला पांढरं फडकं आवळून आडवी झालेली बाई आपल्याकडे आजारी नसते, अडून बसलेली असते. मुलाने नको त्या मुलीशी लग्न ठरवलं की आया फडकं बांधतात. सासूबाईंनी स्वतः दोनदा बांधलं होतं, एकदा जमिनीसाठी आणि एकदा तुझ्यासाठी, तू आलीस तेव्हा. म्हणूनच मी इतक्या वर्षांत कधीच बांधलं नाही. आवळल्याने बरं वाटलं असतं, तरी नाही. दुखतं तेवढं दुखू दे, पण रुसली आहे असं कोणी म्हणायला नको.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "पट्टी बांधली. सण तोंडावर आणि हिने पट्टी बांधली."

ह्यांनी वाटी खाली ठेवली. "तुला तर सुई द्यायला सोडलं होतं ना मी?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. रक्त थांबत नव्हतं, परिचारिकेने बांधली. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात भावोजींनी कपाळाला हात लावला आणि वैतागून म्हणाले, "वहिनी, आता तुम्हाला काय हवंय?"

या घरात येऊन मला सून होऊन, आई होऊन, सासू होऊन झालं, आणि हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. पट्टी बांधली की विचारतात. तेवढंच करायचं होतं.

"या वेळी मी स्वयंपाक करणार नाही," मी म्हटलं.

सासूबाईंनी जुनी वाट धरली. सण आला की हिच्या डोक्याला बरोबर कळतं, म्हणाल्या, या घरात कॅलेंडर लागतच नाही.

"डोकं दुखत नाहीये, आई."

"दुखत नाहीये?"

"अजिबात नाही. आज कितीतरी वर्षांनी दुखत नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. करणार नाही."

दुखत असतं तर त्यांना चाललं असतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. दुखणाऱ्या सुनेला टोमणे मारता येतात, तिच्याकडून अर्धं तरी काम होतं, आणि आपण किती सोसतो हे पाहुण्यांना सांगता येतं. न दुखणाऱ्या आणि न करणाऱ्या सुनेचं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. एक तू होतीस तशी, पण तू थांबली नाहीस.

मी खोलीत आले आणि पट्टीसकट आडवी झाले. भिंतीकडे तोंड करून, जसं करायचं असतं तसं.

भूल आता उतरते आहे. उजव्या कानामागे सुरू झालं. इतक्या लवकर यायला नको होतं.

युलियाना


देगू, १९ सप्टेंबर

बिबियाना,

सण झाला.

मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. मुलगा मला समजवायला येईल, चुलतसासरे ओरडतील, सासूबाई स्वतः चुलीपुढे बसतील आणि तिथेच पडतील आणि मी जन्मभर ते डोक्यावर वागवीन. सोमवारी मी खोलीत पडून होते, उजवा डोळा उघडत नव्हता, आणि या वेळी खरोखरच दुखत होतं. पण पट्टी होतीच, म्हणून ते कोणाला कळलं नाही.

दुपारी ह्यांनी फोन केला. पितरांच्या ताटाची सगळी तयारी करून घरपोच देणारं एक दुकान आहे, स्टेशनमागे. ह्यांना ते माहीत होतं. नंबर शोधावा लागला नाही, फोनमध्ये होता. ह्यांच्या कारखान्यातल्या कोणाची तरी बायको वारली तेव्हापासून तो तिथूनच मागवतो, आणि त्याने ह्यांना कधीतरी दिला होता. "हो, मोठ्या ताटाचं," हे म्हणत होते. "कोबीच्या पानांची धिरडी हवीत, मासा हवा, डोंगरी भाजी हवी. हो, सोंगप्यनही, तांदळाचे, पाइनच्या पानांवर वाफवलेले. उद्या सकाळी सातला." भाव विचारला आणि फोन ठेवला.

एवढंच होतं. मी दाराआडून ऐकत होते आणि मला आधी काही कळलंच नाही. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होते. एक फोन. तू आणि मी दोन दिवस आधीपासून कोबी खारवायचो, तुझ्या मनगटावर तेल उडून त्याचे डाग पडले होते, नववा महिना असताना मी जमिनीवर बसून तळलं होतं. ते सगळं एका फोनचं काम होतं, आणि नंबर ह्यांच्या खिशात होता.

सकाळी सगळं डब्यांतून आलं. पाहुणे आले, पुरुष ओळीने वाकले, पितर जेवले. मी खोलीतून ऐकत होते. मासा खारट आहे असं एक जण म्हणाला, दुसरा म्हणाला, नेहमी असाच असतो. माझा कधीच खारट नसायचा. सासूबाई पोटभर जेवल्या आणि दुकानाचं नाव विचारून घेतलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या माझ्या दाराशी आल्या. मला वाटलं, चिडतील. चिडल्या नाहीत. उंबऱ्याशी बसल्या, गुडघे चोळत होत्या. म्हणाल्या, त्या सुईने तुझं डोकं फिरवलं आहे. दुसरी घ्यायची नाही.

मी म्हटलं, "दुखतं आहे, आई. आत्ताही."

"असू दे. डोकं दुखायचं तेव्हा सून बरी होती." त्या टोमणा मारत नव्हत्या. अगदी साधेपणाने, कळवळून म्हणत होत्या, हरवलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं.

ह्यांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. एवढी वर्षं काढलीस, आणखी थोडी काढ. आपल्या वयात मेंदूच्या नसांशी खेळू नये. सुईला न्यायला गाडी होती तेव्हा ह्यांना वय आठवलं नव्हतं.

मी आता सांगते तुला, मला काय वाटलं ते. दुखणं माझं, आणि ते ठेवायचं की घालवायचं हे कायम दुसऱ्यांनी ठरवायचं. सिस्टर क्लोतिल्दला ते स्वर्गासाठी हवं होतं, सासूबाईंना सून जागेवर राहण्यासाठी हवं आहे. आणि तू म्हणालीस ती सवलत होती. तुम्हा सगळ्यांना त्याचा काहीतरी उपयोग दिसला. मला फक्त दुखत होतं.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी विरघळले.

युलियाना


देगू, २४ सप्टेंबर

बिबियाना,

दवाखान्याच्या बाकावरून लिहिते आहे, गुडघ्यावर वही ठेवून. अक्षर वाकडं आलं तर बोलू नकोस.

मी आले आहे. घरी सांगितलं नाही. चर्चला जाते म्हटलं, आणि मोनिकालाही सांगितलं नाही, कारण ती तुला सांगेल आणि तू पुन्हा शूरपणे घाबरू नका म्हणशील. मला घाबरायचं आहे थोडं.

डॉक्टर प्योने आधी आत बोलावून विचारलं, त्या दिवशी किती वेळ बरं वाटलं? दुपारभर, मी म्हटलं. मग नस तीच आहे, म्हणाली, आज ऊब देऊ. मी तिला एक विचारलं. म्हटलं, डॉक्टर, हे दुखणं गेल्यावर मला दुपारी आडवं व्हायचं असेल तर घरी काय सांगू?

तिला प्रश्न कळला नाही. "आडवं व्हायचंय असं सांगा," म्हणाली.

लग्न झालेलं नाही तिचं. किंवा जग बदललं आहे आणि मला कोणी कळवलेलं नाही. दोन्हीपैकी कुठलंही असो, मला तिचा हेवा वाटला, आणि थोडा रागही आला, विनाकारण. माझा राग हल्ली कोणावरही येतो. उशिरा सुटलेल्या पाण्यासारखं झालं आहे, कुठे जायचं त्याला माहीत नाही.

डोक्याचा तेवढा भाग बधिर राहील, असं तिने पुन्हा एकदा बजावलं. कंगवा फिरलेला कदाचित कळणार नाही. म्हणजे केस विंचरायचे म्हणून आले आणि विंचरताना काही जाणवणारच नाही. मी जरा वेळ विचार केला. मग चालेल म्हटलं. न कळणं दुखण्यापेक्षा बरं. एवढं तरी मी आता माझं माझं ठरवते.

दुसऱ्या सुईनंतर लगेच सोडत नाहीत. परिचारिका विचारून गेली, सोबत कोण आहे? तोल जाऊ शकतो, धरून घरी न्यायला माणूस लागतं. कोणी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या मुलांची बाजू घ्यावी लागली. नोकरीत आहेत, लांब असतात. ती म्हणाली, मग तुम्हाला इथे एक तास जास्त झोपून राहावं लागेल, आजी, पडद्याआड. तुमचा फोन आम्ही बाहेर ठेवू, कोणाचा आला तर सांगू, झोपल्या आहेत.

मी विचारलं, तोवर डोकं दुखेल का?

नाही दुखणार, म्हणाली. भूल असते.

दिवसाउजेडी, पाय लांब करून, काहीही दुखत नसताना, एक तास. आणि कोणी विचारलं तर सांगायला दुसरं माणूस.

हाक आली. जाते.

युलियाना